घरचा खाऊ, वाढती मुलं आणि महिन्याचं दळण

दहा ते सोळा या वयातलं मूल घरात असलं की स्वयंपाकाचा अंदाज सारखा चुकतो. गेल्या वर्षी दोन पोळ्यांवर उठणारा मुलगा यंदा पाचवी पोळी मागतो आणि तासाभराने पुन्हा फडताळातले डबे हलवून बघतो. त्यातच एखादं रांगतं बाळ असेल, दातांची तक्रार असलेले आजोबा असतील, तर एकाच ओट्यावर वेगवेगळ्या वयांची पोटं सांभाळायची. अशा घरात बिस्किटाचा पुडा का जिंकतो? तो तयार असतो म्हणून. घरच्या खाऊला त्याच्यासमोर टिकायचं तर तोही पाच वाजता तयार हवा.

म्हणून हा लेख पाककृतींपेक्षा तयारीबद्दल जास्त आहे. महिन्यातली एक सकाळ भाजण्याला द्या. धान्यं, डाळी, दाणे, तीळ एकदा नीट भाजून ठेवले की पुढचा महिनाभर खाऊ करणं म्हणजे कालवणं, थापणं आणि वळणं एवढंच काम उरतं. कष्टाचा आणि चवीचा मोठा भाग भाजण्यातच असतो.

मापाबद्दल एक गोष्ट: खाली वाटी म्हटलंय ती आमटीची, साधारण दीडशे मिलीची. तुमची लहान-मोठी असली तरी हरकत नाही, एका पदार्थाला एकच वाटी वापरा म्हणजे झालं.

आधी डबे ठरवा

चार डबे पुरतात. एक कोरडा तिखट खाऊ, एक कोरडा गोड खाऊ, एक भाजणीचं पीठ आणि एक भातावर किंवा दह्यात घ्यायची पूड, म्हणजे मेतकूट नाहीतर चटणी. याखेरीज दाण्याचा कूट, भाजलेले तीळ आणि किसलेला गूळ असं किरकोळ सामान हाताशी असावं.

उत्साहाच्या भरात लोक एका शनिवार-रविवारी तीन प्रकारचे लाडू, चिवडा, शेव आणि शंकरपाळे करून ठेवतात. तसं करू नका. डबे जास्त असले तर मुलं जास्त खातात, आणि तळाचा खाऊ खवट होतो तो वेगळाच. एक गोड संपलं की दुसरं करायचं. चार-पाच माणसांच्या घरात अर्धा किलो पोह्यांचा चिवडा आठ-दहा दिवस जातो, पाहुणे आले नाहीत तर. पंचवीस वड्या किंवा लाडू साधारण तेवढेच दिवस पुरतात. यापेक्षा मोठा घाणा फक्त दिवाळीला.

पावसाळ्यात, विशेषतः कोकण, मुंबई, गोव्याच्या दमट हवेत, हे माप निम्म्यावर आणा. चिवडा चौथ्या दिवशी मऊ पडतो तो हवेमुळे. रोज लागणारा खाऊ लहान डब्यात काढायचा आणि मोठा डबा घट्ट बंद ठेवायचा.

भाजण्याची सकाळ

थालीपिठाची भाजणी हा या सगळ्याचा कणा. घरोघरी प्रमाण वेगळं असतं आणि प्रत्येकीला आपलंच खरं वाटतं. मला जमलेलं प्रमाण असं: ज्वारी दोन वाट्या, बाजरी दोन वाट्या, तांदूळ दोन वाट्या, गहू एक वाटी, हरभरा डाळ एक वाटी, उडीद डाळ अर्धी वाटी, अख्खे मूग अर्धी वाटी, धणे अर्धी वाटी, जिरे दोन मोठे चमचे. मेथी दाणे घालायचे तर एक लहान चमचा, त्याहून जास्त नको. लहान मुलांना कडू चव लगेच कळते.

धान्यं आदल्या दिवशी धुऊन, निथळून, सुती कापडावर पंख्याखाली पूर्ण वाळवून घ्या. किंचितही ओल राहिली तर वरून रंग येतो आणि आत कच्चं राहतं. धुवायचं नसेल तर निवडून, ओल्या फडक्याने पुसून घेतलं तरी चालतं.

आता भाजणं. जाड बुडाची कढई, मंद ते मध्यम आच आणि हातात कालथा. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. तांदूळ फुलून पांढरे होतात आणि दातांखाली सहज फुटतात, तेव्हा झाले. ज्वारी-बाजरीचे काही दाणे तडतडून लाहीसारखे फुटायला लागले की उतरवा. हरभरा डाळ सावकाश घेते. रंग बदलला तरी एक दाणा चावून पाहा, मध्यभागी कच्चट चव लागली तर अजून पाच मिनिटं. उडीद डाळ मात्र फसवी: गुलाबीसर झाली की लगेच काढायची, नाहीतर कढईच्या उष्णतेतच करपते. धणे-जिरे शेवटी, नुसते कोमट होऊन वास सुटेपर्यंत. गॅस बंद केल्यावरही कढई भाजतच असते, म्हणून प्रत्येक जिन्नस झाल्या झाल्या परातीत पसरा.

या कामात फोनवर बोलत उभं राहता येत नाही. रेडिओ लावता येतो.

सगळं पूर्ण गार झाल्यावरच एकत्र करून गिरणीत द्या. तिथे एक प्रश्न आवर्जून विचारायचा: आधीचं दळण कशाचं होतं? जात्यात उरलेलं पीठ तुमच्या पिठात येतं. थालीपिठाच्या भाजणीला त्याने फार बिघडत नाही, पण चकलीची भाजणी गव्हावर दळली तर चकल्या मऊ पडण्याचा धोका असतो. ती तांदळावर किंवा डाळीवर दळून मागा. आणि थालीपिठाची भाजणी किंचित रवाळ सांगा. अगदी मऊ पिठाचं थालीपीठ चिकट होतं.

घरी आणलं की पीठ गरम असतं. तसंच डब्यात भरलं तर आत वाफ धरते आणि जाळी लागते. पसरून ठेवा, गार झाल्यावर भरा. बाजरीच्या पिठाला कडवटपणा लवकर येतो. भाजल्यामुळे तो लांबतो, थांबत नाही. म्हणून ही भाजणी दोन महिन्यांत संपवावी. वरच्या मापाचं किलोभराच्या आसपास पीठ होतं आणि वाढत्या घरात ते तेवढंही टिकत नाही.

त्याच सकाळी, कढई तापलेलीच आहे तर, मेतकुटाचंही भाजून घ्या. हरभरा डाळ एक वाटी, उडीद डाळ अर्धी, तांदूळ पाव, गहू दोन चमचे. हे वेगवेगळं खमंग भाजायचं. धणे दोन मोठे चमचे, जिरे एक मोठा चमचा, मोहरी एक लहान चमचा, मेथी अर्धा लहान चमचा, सुक्या मिरच्या चार. गार झाल्यावर हळद, हिंग आणि सुंठ प्रत्येकी एक लहान चमचा आणि थोडं जायफळ घालून मिक्सरवर अगदी बारीक दळा आणि चाळा. मीठ आत्ता घालू नका, खाताना घ्यायचं. गुरगुट्या भातावर मेतकूट आणि तूप हे आजारी मूल, दमलेली आई आणि परीक्षेच्या दिवसांतलं मूल या तिघांचं जेवण. दह्यात मेतकूट, बारीक कांदा आणि वरून फोडणी घातली की भाजी नसल्याची तक्रार येत नाही.

शेवटी अर्धा किलो शेंगदाणे. मंद आचेवर सालं सुटेपर्यंत भाजून, सालं पाखडून, अर्ध्यांचा भरड कूट करा आणि अर्धे तसेच ठेवा.

एका भाजणीत किती पोटं

दोन वाट्या भाजणीत एक बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, ओवा, मीठ आणि चमचाभर तेल घालून कोमट पाण्याने मळा. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवा. ओल्या फडक्यावर किंवा केळीच्या पानावर थापून तव्यावर टाका, मध्ये चार-पाच भोकं पाडा, त्यांत तेल सोडा, झाकण ठेवा. खालची बाजू खरपूस झाली की उलटून झाकण न ठेवता भाजा. मळलेलं पीठ फार वेळ ठेवलं तर कांद्याला पाणी सुटतं, म्हणून कांदा आयत्या वेळी मिसळा. शाळेच्या डब्याला द्यायचं थालीपीठ जरा जाड थापावं, कडा कडक होत नाहीत. सोबत लोणी किंवा घट्ट दही.

मुलं भाजी खात नाहीत ही तक्रार घरोघरची. भाजणीत किसलेला दुधी, गाजर, चिरलेली मेथी, पालक, उरलेला मऊ भात, अगदी कालची वरणाची वाटीसुद्धा जिरून जाते. दुधी-काकडी घातली तर पाणी घालू नका, त्यांच्या पाण्यातच पीठ भिजतं.

संध्याकाळी थापायचाही कंटाळा आला तर मोकळ भाजणी. फोडणीत कांदा सढळ परतायचा. भाजणीत तिखट-मीठ घालून ती ताकाने ओलसर भिजवायची, फोडणीत टाकायची, झाकण ठेवून दोन-तीन वाफा काढायच्या आणि मधेमधे कालथ्याने मोकळी करायची. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. पंधरा-वीस मिनिटांत चार माणसांचं भरपेट खाणं होतं, आणि दातांची तक्रार असलेल्या आजोबांनाही ते चालतं.

गोड डबा: सुरुवात गूळपापडीने

नवशिक्यांनी पाकाच्या लाडवांना हात घालण्याआधी गूळपापडी करावी. तीनच जिन्नस, पाक नाही, वळायचं नाही.

दोन वाट्या कणीक, एक वाटी तूप, सव्वा वाटी बारीक किसलेला गूळ. तूप जाड कढईत गरम करून त्यात कणीक घाला आणि मंद आचेवर भाजत राहा. सुरुवातीला गोळे होतात, मग मिश्रण सैल होतं, तूप कडेने सुटायला लागतं आणि बदामी रंग येतो. याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. गॅस बंद करा. एक मिनिट थांबून गूळ घाला आणि भराभर ढवळा; मिश्रणाच्या उष्णतेत गूळ विरघळतो. वेलची किंवा सुंठ घालून तुपाचा हात लावलेल्या ताटात ओता, वाटीच्या बुडाने थापा आणि गरम असतानाच सुरीने वड्या पाडा. गार झाल्यावर काढा.

वड्या दगडासारख्या झाल्या तर गूळ गॅस चालू असताना घातला असणार, त्याचा पाक झाला. भुसभुशीत होऊन तुटल्या तर मिश्रण जास्त गार झाल्यावर गूळ घातला किंवा तूप कमी पडलं. तुटलेला चुरा फेकायचं कारण नाही. किंचित कोमट करून लाडू वळा. यातच अर्धी कणीक आणि अर्धं नाचणीचं पीठ घेतलं तरी छान होतं, फक्त नाचणीचा रंग आधीच गडद असल्याने भाजल्याची खूण वासावरून घ्यावी लागते. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास. गहू-तांदूळ त्याच्या जवळपासही नाहीत. दूध नको म्हणणाऱ्या मुलांच्या घरात हे पीठ कायम असावं.

पुढची पायरी बेसनाचे लाडू. चार वाट्या रवाळ बेसन, दीड वाटी तूप, अडीच वाट्या पिठीसाखर. बेसन मिलमधलं अगदी बारीक घेतलं तर लाडू टाळूला चिकटतो, म्हणून हरभरा डाळ थोडी भाजून जाडसर दळून आणणं उत्तम. आधी निम्म्या तुपावर भाजायला घ्या, उरलेलं तूप थोडं थोडं सोडत जा. आच मंदच. अर्धा तास तरी लागतो आणि त्याला पर्याय नाही. पीठ हलकं होतं, कालथा सहज फिरतो, तूप वर चमकायला लागतं, खमंग वास शेजारी जातो. त्या क्षणी दोन चमचे दूध शिंपडा. मिश्रण फसफसतं, आणि ते जिरेपर्यंत परतलं की लाडू दाणेदार होतो. साखर कधी घालायची हाच खरा प्रश्न. मिश्रण गरम असताना घातली तर ती वितळून सगळं पातळ होतं. हात लावता येईल इतकं कोमट होऊ द्या, मग साखर, वेलची घालून चांगलं मळा आणि वळा. मिश्रण तरीही पातळ वाटलं तर पीठ घालायची घाई करू नका. तासभर झाकून ठेवा, तूप थिजलं की लाडू आपोआप वळले जातात.

लाडू वळायला मुलांना बसवा. पहिले पाच वेडेवाकडे होतील, आणि तेच आधी संपतील.

वाढदिवसाला केक हवाच असतो. घरात ओव्हन नसला तरी रव्याचा केक कुकरमध्ये होतो. दीड वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, पाऊण वाटी दही, पाऊण वाटी दूध आणि पाव वाटी पातळ तूप एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. रवा फुगून मिश्रण घट्ट झालं तर थोडं दूध. मग एक लहान चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा घालून हलक्या हाताने ढवळा आणि तूप लावलेल्या डब्यात ओता. कुकरची शिटी आणि रिंग काढून, आत मीठ किंवा वाळूचा थर आणि त्यावर जाळी ठेवून दहा मिनिटं तापवलेला असावा. पाणी अजिबात नाही. मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं. सुरी घालून कोरडी निघाली की झाला. सोडा घातल्यावर मिश्रण ठेवून देऊ नका.

तिखट डबा

पातळ पोह्यांच्या चिवड्यात सगळी मेख ओलाव्याची आहे. अर्धा किलो पातळ पोहे चाळून, ऊन असेल तर दोन-तीन तास कडक उन्हात ठेवा. नसेल तर मोठ्या कढईत थोडे थोडे अगदी मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता. पोहे बोटांत चुरले गेले पाहिजेत. आच वाढवली तर ते आक्रसतात.

फोडणीसाठी पाऊण वाटी तेल. त्यात आधी एक वाटी शेंगदाणे तळून काढा, मग अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, मग एक वाटी पंढरपुरी डाळं. उरलेल्या तेलात मोहरी, हिंग, आठ-दहा हिरव्या मिरच्यांचे तुकडे आणि मूठभर कढीपत्ता. मिरची आणि कढीपत्ता पूर्ण कडक होईपर्यंत थांबा. इथे घाई केली तर त्यातलं पाणी दुसऱ्या दिवशी अख्खा चिवडा मऊ करतं. कढीपत्ताही आधी धुऊन, पुसून कोरडा केलेला हवा. गॅस बारीक करून हळद घाला, लगेच पोहे, तळलेलं सगळं, मीठ आणि दोन चमचे पिठीसाखर. मोठ्या पातेल्यात दोन कालथ्यांनी खालीवर करा. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका.

लहान मुलांसाठी मिरच्या अख्ख्या, नुसती चीर देऊन घाला, म्हणजे वेचून काढता येतात.

शंकरपाळ्यांचं जुनं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर, आणि मावेल तेवढा मैदा, साधारण पाच वाट्या. दूध-तूप-साखर गरम करून साखर विरघळली की उतरवा, कोमट झाल्यावर मैदा भिजवा. अर्धी कणीक घेतली तर रंग काळपट येतो, चव चांगलीच लागते. मी तशाच करते आणि कुणी विचारलंच तर सांगते. पीठ घट्ट हवं. जाडसर लाटून कापा आणि मंद आचेवर सावकाश तळा, नाहीतर वरून लाल, आत कच्चे. तेलात विरघळायला लागले तर तूप जास्त झालंय. थोडा मैदा मळून पुन्हा लाटा.

चकलीसाठी वेगळी भाजणी लागते: तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, मूग डाळ अर्धी, पोहे अर्धी वाटी, धणे पाव वाटी, जिरे दोन चमचे. एक वाटी भाजणीला जेमतेम एक वाटी पाणी, त्यात एक मोठा चमचा तेल, तिखट, मीठ, तीळ, ओवा घालून उकळायचं, भाजणी घालून झाकायचं आणि अर्ध्या तासाने चांगलं मळायचं. सोऱ्यातून पडताना तुटत असेल तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. तळताना विरघळत असेल तर मोहन जास्त झालं. बाहेरून कुरकुरीत आणि गार झाल्यावर मऊ पडली तर पाणी जास्त झालं किंवा मोठ्या आचेवर तळली गेली. पहिली एकच चकली तळून, गार करून, मोडून बघा, मगच पुढचा घाणा टाका. रोजच्या खाऊत चकली ठेवू नये असं माझं मत आहे; सणाला काहीतरी वेगळं उरलं पाहिजे.

बाळ आणि बाळंतीण

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचंच दूध. त्यानंतर वरचं अन्न सुरू होतं आणि तिथे घरचं नाचणीसत्त्व खूप कामाला येतं. नाचणी रात्रभर भिजवा, निथळून ओल्या फडक्यात एक दिवस बांधून मोड आणा, सावलीत खडखडीत वाळवा, मंद भाजा, दळा आणि बारीक चाळणीने किंवा मलमलच्या कापडातून चाळा. मोड आणल्याने पचायला सोपं होतं आणि खीर पातळ राहते. त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ शिजवता येतं, जे लहान पोटाच्या बाळासाठी महत्त्वाचं. एक चमचा सत्त्व आधी गार पाण्यात कालवून मग शिजवा, गुठळ्या होत नाहीत. सहा-सात मिनिटं तरी शिजलं पाहिजे. वरून तुपाचे दोन थेंब.

पहिल्या वर्षात मीठ, साखर, गूळ घालू नका. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, मग मध कितीही शुद्ध असो. मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, डाळं हातात देऊ नका, घशात किंवा श्वासनळीत अडकतात. त्यांच्यासाठी कूट. चिवड्याचा डबा उंच ठेवण्याचं खरं कारण हे आहे.

बाळंतिणीसाठी अळिवाचे लाडू. पाव वाटी अळीव पाऊण वाटी नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवा, ते फुगून बुळबुळीत होतात. दोन वाट्या ओलं खोबरं आणि सव्वा वाटी गूळ मिसळून मंद आचेवर गोळा होईपर्यंत आटवा, जायफळ घाला, कोमट असताना वळा. ओलं खोबरं असल्यामुळे बाहेर दोनच दिवस टिकतात, फ्रिजमध्ये आठवडाभर. गरोदरपणात मात्र अळीव टाळण्याची पद्धत आहे. खायचेच असतील तर डॉक्टरांना विचारून.

थंडीत डिंकाचे: एक वाटी डिंक तुपात थोडा थोडा फुलवून भरडा. डिंक आतून कडक राहिला तर दाताला चिकटतो, म्हणून मोठे खडे आधीच कुटून बारीक करा. त्यात दोन वाट्या खारीक पूड, दोन वाट्या भाजलेलं सुकं खोबरं, पाव वाटी भाजलेली खसखस, सुंठ, जायफळ. दोन वाट्या गूळ दोन चमचे तुपात नुसता वितळवून बुडबुडे आले की सगळं मिसळा आणि गरम असतानाच वळा. हे महिनाभर टिकतात.

साखर-तेलाचा हिशेब

घरी केलं म्हणजे पौष्टिक, ही समजूत मला पटत नाही. घरी तळलेलं तळलेलंच असतं आणि गूळही शेवटी साखरच. गुळात लोह असतं म्हणून गूळ वाढवला तर लोहापेक्षा साखरच कितीतरी जास्त पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, ५ टक्क्यांखाली आली तर उत्तम. वरच्या मापाच्या गूळपापडीच्या पंचवीस वड्या पाडल्या तर एका वडीत साधारण सात ग्रॅम गूळ येतो. दोन वड्या हा ठीक खाऊ झाला, पाच नव्हेत. वड्या लहान पाडणं हा सर्वांत सोपा उपाय.

घरच्या खाऊचे खरे फायदे वेगळे आहेत. तेल कोणतं आणि कितीदा तापवलेलं हे तुम्हाला माहीत असतं, मिठाचा हात आवरता येतो, आणि तूप म्हणजे तूपच असतं. तळणीचं उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत पोळी-भाजीला संपवा, पुन्हा तळायला वापरू नका.

भुकेल्या मुलासमोर आधी पोटभरीचं ठेवा: थालीपीठ, मोकळ भाजणी, दही-पोहे, उकडलेलं अंडं, भिजवलेल्या मटकीची उसळ. लाडू त्यानंतर. किशोरवयीन मुलींच्या ताटात लोहाकडे लक्ष द्या: कडधान्यं, पालेभाज्या, वर लिंबू पिळलेलं असावं, आणि जेवणाला लागून चहा नको, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

पहिला महिना

आत्तापर्यंत यातलं काहीच करत नसाल तर सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या शनिवारी फक्त दाणे भाजून कूट करा आणि गूळपापडी थापा. दीड तासाचं काम. दुसऱ्या शनिवारी चिवडा. तिसऱ्या आठवड्यात धान्यं धुऊन वाळवा, भाजणी आणि मेतकूट भाजा, आणि गिरणीत नेण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या. प्रश्न मात्र पाठ करून पाठवा: आधीचं दळण कशाचं होतं, आणि किंचित रवाळ. डब्यांवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहा. चौथ्या शनिवारी सुट्टी घ्या आणि कोणता डबा आधी रिकामा झाला ते बघा; पुढच्या महिन्याचं माप त्यावरून ठरवायचं.